खडकवासल्याच्या चढावर सायकल जड का जाते?

तुमचा प्रश्न मला असा कळला. स्त्री, वय ४४, वजन ६८ किलो, बैठी नोकरी. सहा महिन्यांपूर्वी २६ इंची चाकांची, पुढे सस्पेन्शन असलेली, २१ गियरची एमटीबी, म्हणजे जाड टायरांची माउंटन बाईक घेतली. दर रविवारी ऑफिसमधल्या चार-पाच जणांबरोबर कर्वेनगरहून खडकवासला धरणापर्यंत जाऊन येता. बाकीचे गप्पा मारत पुढे निघून जातात, तुमच्या मांड्या भरून येतात, धरणाशेजारच्या चढावर उतरून सायकल ढकलावी लागते. गुडघे पुढच्या बाजूने दुखतात आणि घरी आल्यावर उरलेला रविवार झोपण्यात जातो. म्हणून तुम्ही विचारताय, की सत्तर-ऐंशी हजारांची रोड बाईक घ्यावी, की वय झालं असं समजून आहे तीही विकून टाकावी?

दोन्ही नको. निदान दोन महिने तरी नको. मी पुण्यात सायकली दुरुस्त करण्याचं आणि माणसाच्या मापाला जुळवून देण्याचं काम करतो, रविवारी नवख्यांना घेऊन बाहेरही पडतो. तुमच्या वर्णनातली एकच गोष्ट मला खटकली. सहा महिने नेमाने जाऊनही फरक नाही. शरीर इतकं हट्टी नसतं हो. सहा महिन्यांत पायांत काहीतरी ताकद आलीच असणार, पण ती चाकापर्यंत पोचायच्या आत कुठेतरी गळतेय. गच्चीवरची टाकी गळत असताना मोठी मोटर बसवण्यात काय अर्थ आहे? आधी गळती कुठे आहे ते बघू.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या सायकलीला हात न लावता मी हे लिहितोय. फ्रेमच तुमच्या उंचीला मोठी असेल तर सीट वरखाली करून फारसं साधणार नाही. आणि एक गळती सायकलीत नसून रक्तात असू शकते. सपाट रस्त्यावर हळू चालवतानाही धाप लागत असेल, जिना चढताना छाती धडधडत असेल, मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे हे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. आमच्या गटातल्या एका शिक्षिकेची सायकल मी सगळ्या बाजूंनी ठाकठीक करून दिली होती, तरी त्या मागेच राहायच्या. हिमोग्लोबिन कमी निघालं, औषधं सुरू झाली आणि काही महिन्यांत त्याच सायकलवर त्या पुढे दिसायला लागल्या. छातीत दुखणं, चक्कर येणं असलं काही होत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

आता थोडा हिशेब. पायांतून निघणारी शक्ती वॉटमध्ये मोजतात. रोजचा सराव नसलेल्या माणसाला तासभर १०० वॉटच्या आसपास देत राहणं म्हणजे चांगलंच कष्टाचं काम. माणसागणिक हा आकडा बदलतो, पण अंदाजाला पुरे. तुम्ही, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ८५ किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १८ किलोमीटरने जाताना हवा बाजूला सारायला साधारण ४० वॉट लागतात. जाड गुट्ट्यांचा टायर असेल आणि हवा कमी असेल, तर तो नुसता फिरवायला आणखी ५० वॉट. तोच टायर गुळगुळीत आणि योग्य हवेचा असेल तर २५. म्हणजे एका बाजूला ९० आणि दुसऱ्या बाजूला ६५. तुमच्या सहकाऱ्यांच्या आणि तुमच्या तब्येतीतला जो फरक तुम्हाला वाटतोय, त्यातला बराचसा इथेच, रस्त्याला टेकलेल्या त्या दोन ठिकाणी असू शकतो.

म्हणून पहिलं काम हवेचं. अंगठ्याने दाबून टायर बघायची आपली सवय निरुपयोगी आहे. जाड टायर ३० पीएसआयलाही (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) अंगठ्याला कडकच लागतो. मीटर असलेला पायपंप घ्या, या सगळ्या प्रकरणात खर्च करण्यासारखी पहिली वस्तू तीच. टायरच्या बाजूला कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या आत राहून तुमच्या वजनाला मागे ४५ ते ५० आणि पुढे ४० पीएसआय हे सुरुवातीला ठीक आहे. ट्यूब पंक्चर नसली तरी हवा हळूहळू झिरपतेच, तेव्हा दर रविवारी निघण्याआधी मोजा. पेट्रोल पंपावर भरायचीच असेल तर समोर उभं राहून थोडी थोडी भरून घ्या, तिथल्या कॉम्प्रेसरला सायकलच्या टायरची दयामाया नसते. सिंहगड रस्ता सोडून तुम्ही मातीत जाणारच नसाल, तर गुट्ट्यांचे टायर उतरवून त्याच रिमवर दीड इंची गुळगुळीत टायर बसवा. दोन-तीन हजारांत एवढा फरक पाडणारं दुसरं काही माझ्या दुकानात नाही. सस्पेन्शनला वर लॉकची कळ असेल तर डांबरावर ते लॉक करून ठेवा. नाहीतर प्रत्येक पॅडलबरोबर पुढचा भाग खालीवर होतो आणि तुमची मेहनत त्या स्प्रिंगला जाते.

मग चाक उचलून हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. दोन फेऱ्यांत थांबलं तर ब्रेक घासतोय, चाक आउट आहे किंवा बेअरिंग आवळलंय, आणि हे कुठलाही कारागीर अर्ध्या तासात ठीक करतो. चेन कोरडी असेल तर जुन्या फडक्याने पुसून चेनचं तेल थेंब थेंब घाला आणि वरचं जास्तीचं पुन्हा पुसून काढा. खोबरेल तेल घालू नका. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे बाटलीत जे थिजतं, ते चेनमध्येही थिजतं.

आता सीट. तुमचे गुडघे पुढून, वाटीच्या आसपास दुखतात हे वाचल्याबरोबर मी पैजेवर सांगतो, की सीट खाली आहे. माझ्याकडे येणाऱ्या नवख्यांत ही चूक इतकी सर्रास असते, की माणूस दारातून सायकल ढकलत आत आणतो तेव्हाच मी पाना हातात घेतो. याचं कारणही समजण्यासारखं आहे. शहरात सिग्नलला थांबायचं असतं, मागून बस येत असते, आणि सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की जिवात जीव येतो. दुकानदारही गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून तशीच ठेवून देतो. पण पाय जमिनीला टेकतील अशा उंचीवर गुडघा प्रत्येक फेरीत जास्त दुमडतो. तशा दुमडलेल्या स्थितीतून जोर लावायचा म्हणजे उकिडवं बसून पुन्हा पुन्हा अर्धवट उठायचं. त्यात मांडीचा पुढचा स्नायू जळतो आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो. नितंबांचे मोठे स्नायू फारसे कामाला लागत नाहीत.

सीट अशी लावा. नेहमीचे बूट घालून भिंतीला हात टेकून सीटवर बसा. एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण टाच गाठण्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. ही उंची पक्की करा. चालवताना पॅडलवर टाच नाही, चवडा असतो, त्यामुळे गुडघ्याला आपोआप हवा तेवढा हलका बाक राहतो. बहुतेकांना हे दोन-चार इंच वर जातं आणि भीती वाटते. एकदम सगळं वर नेऊ नका, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. सीटच्या दांडीवर कोरलेली किमान खूण मात्र नळीच्या आतच राहू द्या. गुडघ्याच्या मागे दुखायला लागलं किंवा मागून बघणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवी हलताना दिसली, तर जरा जास्त वर गेली असं समजा.

मग सिग्नलला काय करायचं? हे कुणी शिकवत नाही म्हणून सगळ्यांच्या सीटा खाली राहतात. थांबताना सीटवरून उतरायचं. वेग कमी झाला की एक पॅडल खाली ठेवून त्यावर उभं राहायचं, कंबर सीटच्या पुढे नळीवर आणायची आणि दुसरा पाय जमिनीवर टेकवायचा. निघताना उलटं, वरच्या पॅडलवर पाय ठेवून उभं राहायचं, सायकल हलली की सीटवर बसायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पंधरा मिनिटं याचा सराव करा, लहान मुलं हसतील तर हसू देत. हे अंगवळणी पडलं की उंच सीटची भीती जाते.

गादीदार जेलचं कव्हर घेतलं असेल तर ते मात्र काढा. अर्ध्या तासापर्यंत छान वाटतं, नंतर बुडाची हाडं त्यात रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. पॅडची सायकलिंग शॉर्ट घ्या आणि आत दुसरं काही घालू नका. वरून हवं तर सैल पँट घाला.

गियरचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण चढावर उतरावं लागण्याचं मुख्य कारण मला तेच वाटतं. २१ गियरच्या एमटीबीत पुढे बहुधा ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या असतात आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या सात. नवखा माणूस मागचे गियर बदलतो, पुढची चकती मात्र मोठीच ठेवतो. डाव्या हाताची कळ वापरताना एकदा कधीतरी चेन पडलेली असते, तेव्हापासून तिला हात लावायचा नाही असं ठरलेलं असतं.

त्याचा परिणाम आकड्यांत बघा. पाच टक्क्यांचा चढ, वेग ताशी ८ किलोमीटर. पुढे ४२ आणि मागे २१ असेल तर पॅडलच्या एका फेरीत सायकल चार मीटरहून थोडी जास्त जाते, म्हणजे मिनिटाला ३२ फेऱ्या. पुढे २४ आणि मागे २८ असेल तर एका फेरीत पावणेदोन मीटर, मिनिटाला ७५ फेऱ्या. वेग तोच, एकूण कामही तेच, त्यात नुसतं वजन वर चढवायलाच ९० वॉटच्या थोडं वर. पण पहिल्या प्रकारात प्रत्येक पॅडलवर दुपटीहून जास्त जोर द्यावा लागतो. मांड्या भरून येतात त्या या जोराने. हलक्या गियरमध्ये तेच काम श्वासावर जातं, आणि श्वास दोन मिनिटांत सावरतो, भरलेल्या मांड्या मात्र दिवसभर सावरत नाहीत.

यातही एक देणंघेणं आहे. पाय भराभर फिरवले की सुरुवातीला धाप थोडी जास्त लागते आणि सीटवर उडाल्यासारखं होतं. काहीतरी फुकटच फिरवतोय असंही वाटतं. पहिले दोन-तीन आठवडे सोसा. सपाटीवर मोजून बघायचं असेल तर उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा, २० च्या आसपास आला म्हणजे मिनिटाला ८०, छान. चढावर ७० पुरे. अगदी ९० गाठायच्या मागे लागू नका, ते शर्यतवाल्यांसाठी.

गियर बदलण्याची वेळही महत्त्वाची आहे. चढ सुरू झाल्यावर, पाय अडकल्यावर कळ दाबली तर चेन कुरकुरणार किंवा पडणार. चढाच्या वीस-तीस मीटर आधी, पॅडल फिरतं ठेवून पण जोर सैल सोडून, आधी पुढची चकती लहान करा. क्षणभर पाय मोकळे फिरतील, फिरू द्या. मग चढ वाढेल तसे मागचे गियर एकेक करून हलके करा. पुढे सगळ्यात मोठी आणि मागेही सगळ्यात मोठी, किंवा दोन्हीकडे लहान, अशी तिरकी जोडी टाळा, चेन घासते. एवढं करूनही पुढची चेन पडत असेल तर दोष तुमचा नाही. डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवण्याचा प्रश्न असतो, कारागिराकडून करून घ्या.

धरणाशेजारच्या चढाबद्दल एवढंच, की तिथे सगळ्यात हलका गियर टाका आणि ताशी ६-७ च्या वेगाने बसून चढा. पायी चालणारा माणूस जवळजवळ बरोबरीने येईल. येऊ दे.

आता तुमचे सहकारी. हवेचा विरोध असा वाढतो, की वेग ताशी १८ वरून २२ केला तर हवेसाठी लागणारी शक्ती ४० वॉटवरून ७५ च्या जवळ जाते. चार किलोमीटरच्या फरकाला जवळजवळ दुप्पट. त्यात ताशी १० किलोमीटरचा समोरून वारा असेल तर १८ च्या वेगालाही सव्वादोन-अडीचपट. पुण्यात जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेचा असतो आणि खडकवासला शहराच्या नैर्ऋत्येला. म्हणजे पावसाळ्यात जाताना वारा अंगावर आणि येताना पाठीशी. जाताना मागे पडलात म्हणून जोर लावत राहिलात तर धरणापर्यंतच सगळं संपतं. वाऱ्यात वेगाकडे बघू नका, श्वासाकडे बघा. एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द निघायला लागले की गियर हलका करा.

पहिली वीस मिनिटं तर मुद्दाम हळू चालवा. रक्ताभिसरण, सांधे, श्वास, सगळ्यांना तेवढा वेळ लागतो, आणि चाळिशीनंतर जरा जास्तच. गटात हे जमत नाही, कारण वारज्याच्या आसपास रस्ता मोकळा दिसला की पुरुष मंडळींच्या अंगात येतं. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. त्यांच्या वीस मिनिटं आधी निघा. ते तुम्हाला वाटेत गाठतील, थोडं बरोबर जाल, चहाला सगळे एकत्र. दुसऱ्याच्या मागे चाक लावून गेलं की वारा कमी लागतो हे खरं, पण खड्डे आणि अचानक थांबणाऱ्या वाहनांच्या रस्त्यावर नवख्याने कुणाच्या चाकाला चिकटून जाऊ नये.

खाण्याचं थोडक्यात. पहाटे नुसता चहा पिऊन निघत असाल तर दुपारची ती झोप तिथूनच येते. अर्धा तास आधी एखादं केळं, वाटेत दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागायची वाट न बघता. तासाभरानंतर चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. धरणावर भजी खाऊन लगेच परत निघू नका. भजी सोडा असं मी सांगणार नाही, ती सोडायला सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. दोन खा. पाठीवरची सॅक मात्र कॅरिअरवर टाका.

आठवड्यातून एकदाच तीसेक किलोमीटर हा शिकण्याचा सर्वांत त्रासदायक प्रकार आहे. सहा दिवसांत शरीर जे कमावतं ते बरंचसं विसरतं, आणि सातव्या दिवशी पुन्हा तोच मार बसतो. मधल्या दोन दिवशी फक्त चाळीस-चाळीस मिनिटं, घराजवळच्या आतल्या रस्त्यांवर, धाप न लागता चालवा. घाम आला नाही तरी चालेल. सिंहगडाच्या घाटाचा विषय कुणी काढला तर यंदा हसून सोडून द्या.

रोड बाईकबद्दल तुम्ही थेट विचारलंय, म्हणून तेही. सपाटीवर ती वेगळीच पळते, यात वाद नाही. टायर बारीक असतात आणि वाकून बसल्याने वारा कमी लागतो. पण तुमची खरी अडचण चढाची आहे. तुमची सायकल १६ किलोची आणि नवी १० किलोची धरली, तरी ८५ किलोंतले ६ किलो कमी होतील, म्हणजे सात टक्के. आणि नेहमीच्या रोड बाईकमध्ये पुढे लहान चकती ३४ दात्यांची, मागे मोठी ३२ ची. तिच्या सगळ्यात हलक्या गियरमध्ये एका फेरीला सायकल सव्वादोन मीटर जाते, तुमच्या सध्याच्या सायकलीत पावणेदोन. म्हणजे चढावर तिचा सर्वांत हलका गियरसुद्धा तुमच्यापेक्षा पाव पटीने जड. त्यात खाली वाकलेल्या हँडलमुळे मान-पाठ दुखायला लागली तर सहा महिन्यांनी तीही विकायला काढाल.

तेव्हा क्रम असा ठेवा. या रविवारी हवा, चाक आणि चेन. पुढच्या आठवड्यापासून सीट थोडी थोडी वर आणि पार्किंगमधला सराव. तिसऱ्या आठवड्यात पुढचा गियर. सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला आणि कशाने नवीन दुखणं आलं ते कळणार नाही. दोन महिन्यांनी चढ बसून चढता येत असेल आणि सपाटीवर आणखी पळावंसं वाटत असेल, तर कुणाची तरी रोड बाईक एका सकाळी उसनी घ्या आणि याच रस्त्यावर चालवून बघा. विकत घेताना रंग आणि वजन नंतर विचारा. आधी मागची मोठी चकती किती दात्यांची आहे ते विचारा आणि ३४ पेक्षा लहान असेल तर मोठी बसवून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी पक्कं करून घ्या.